विसरायला शिकवलेली मशीनं

गिऱ्हाईक पासवर्ड टाकायला लागलं की मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. बीडच्या बसस्टँडमागे माझं सायबर कॅफे होतं, तेव्हाची ही गोष्ट. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. एक कॅलेंडर आणि ट्यूबलाइटच्या मागे राहणारी एक पाल, बस्स. लोक हसायचे. "म्याडम, बघा की, आमचं काय सोनंनाणं हाय त्यात?" मी म्हणायचे, असेल नाहीतर नसेल, तुम्ही आपलं टाका. तोंड फटकळ होतं माझं, अजूनही आहे.

त्याआधी त्याच जागेत माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मराठी-इंग्रजी टायपिंग, परीक्षेची हमी. मग एसटीडीच्या पिवळ्या पाट्या उतरू लागल्या, सरकारी कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले, आणि माझ्या टाइपरायटरांवर धूळ बसायला लागली. मी सगळी यंत्रं भंगारात घातली आणि सहा जुने कॉम्प्युटर आणले. बाई माणसाचं कॅफे म्हणून मुली बिनधास्त यायच्या. त्यांचे बापही बाहेर मोटारसायकलवर निवांत बसून राहायचे.

माझ्या पाच मशीनांवर लिनक्स होतं. ही कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, दुरुस्त करून दुसऱ्याला द्यावी अशी कॉम्प्युटरची व्यवस्था. मासिकासोबत सीडी आली होती, ती मी टाकून पाहिली. तत्त्वबित्त्व काही नव्हतं त्यात. बाकीची कॅफेवाली मंडळी चोरीच्या सीड्या वापरायची आणि धाड पडेल म्हणून शटर अर्धं खाली ओढून बसायची. मला अर्ध्या शटरखाली वाकून आत-बाहेर करायचं नव्हतं.

पण ते चालवायला शिकवणार कोण? बीडमध्ये कुणी नव्हतं. मग मला एक ईमेलचा ग्रुप सापडला. देशभरातले लिनक्सवाले तिथे प्रश्न विचारायचे, उत्तरं द्यायचे आणि त्याहून जास्त भांडायचे. मी 'एस. जंगम' नावाने लिहायचे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी सगळ्यांची 'सर' झाले. मीही सुधारायला गेले नाही. सर म्हटल्यावर उत्तरं लवकर येतात, हे मी पंचायत समितीत अर्ज देताना शिकले होते.

एकदा मी विचारलं, की माझं गिऱ्हाईक गेम मागतं, लिनक्सवर गाड्यांचा गेम कसा चालवायचा? झालं. पोळ्याला दगड लागला. एक म्हणाला, गेम खेळायचे तर लिनक्सवर आलातच कशाला? दुसरा म्हणाला, गेम नसतील तर सामान्य माणूस येईलच कशाला? त्यावर तिसरा, त्यावर चौथा. माझा प्रश्न बाजूला राहिला आणि आठवडाभर एकमेकांची अक्कल काढणं चाललं. शेवटी 'घुबड' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एकाने मला वेगळं पत्र टाकलं: 'सर, गाडी चालणार नाही. बर्फावरून घसरणारा पेंग्विन आहे, तो चालेल.'

पेंग्विनला बीडमध्ये कोण विचारतो? म्हणून खिडकीजवळचं सहावं मशीन मी विंडोजवर ठेवलं, फक्त गेमसाठी.

त्याचा कायमचा मानकरी म्हणजे करीमभाई. एसटीचे ड्रायव्हर. दिवसभर गेवराई-तलवाडा लाइनवर गाडी हाकायची आणि ड्यूटी सुटली की खाकी शर्टाची वरची गुंडी सोडून माझ्याकडे येऊन पुन्हा गाडीच हाकायची. "करीमभाई, कंटाळा नाही येत?" तर म्हणायचे, "म्याडम, इथं ब्रेक दाबायला लागत न्हाई. ना म्हस आडवी येते, ना पाशिंजर हात करतो." वळण आलं की अख्खा माणूस खुर्चीत तिकडे कलायचा.

ग्रुपवर दुसरं मोठं भांडण झालं ते खासगीपणावरून. कॅफेवाल्याने गिऱ्हाइकाने काय पाहिलं, काय लिहिलं ते साठवून ठेवावं की नाही? एक गृहस्थ हट्टाने लिहीत होते, की ज्याच्या मनात काही वाईट नाही त्याला लपवायचं काय? घुबडाने त्यांना उत्तर दिलं: 'तर मग वहिनींनी माहेरी लिहिलेलं शेवटचं पत्र इथे ग्रुपवर टाका, आम्ही सगळे वाचतो.' गृहस्थांनी विषय बदलला. मी मात्र त्या रात्री बराच वेळ त्या वाक्याचाच विचार करत होते. माझ्याकडे तर रोज कितीतरी वहिन्या येऊन लिहीत होत्या.

घुबडाकडून मी चार ओळींची आज्ञावली मागून घेतली. गिऱ्हाइकाने 'झालं' या बटणावर टिचकी मारली की त्याने केलेलं सगळं पुसलं जायचं आणि मशीन पुन्हा सकाळसारखं कोरं व्हायचं. शाळेत ओल्या फडक्याने पाटी पुसायचो तसं. दारावर मी कागद चिकटवला: 'उठलात की पाटी कोरी.' त्यावरून शिव्याही खाल्ल्या. एका प्राध्यापकांनी प्रबंधाचं आख्खं प्रकरण टाइप केलं, फ्लॉपीवर न घेताच 'झालं' दाबलं आणि मग मला विचारलं, की हे तुमचं मशीन आहे की चेटूक?

मशीन विसरायला शिकलं, पण माणसांचं काय करणार? पासवर्ड काय ठेवू, असं विचारलं की लोक स्वतःच उत्तर द्यायचे: कुळदैवताचं नाव. विसरायची भीती नाही आणि देवाचं नाव घेऊन सुरुवात होते. कुणाचा खंडोबा, कुणाची तुळजाभवानी, कुणाची योगेश्वरी, कुणाचा वैजनाथ. सगळ्या शहराची कुलपं चार-पाच देवांच्या भरवशावर होती. आणि आपल्याकडे कुणाचं कुळदैवत कोणतं हे सोयरिक जुळवतानाच विचारून घेतात. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं त्याला ते आधीच पाठ.

मी सांगून दमले. भाविक माणसाला हे पटवणं अवघड.

संगीता माझ्याकडे यायला लागली ती पालीहून. पाली म्हणजे बिंदुसरा धरणाजवळचं गाव, रिक्षाने लगेच येता येतं. तिला तलवाड्याला दिलेली होती, पण ती माहेरी परतली होती. एकदा माउस धरताना तिची बाही वर सरकली आणि मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग दिसले. काही जुने होते, काही ओले. तिने बाही खाली ओढली. मग एक दिवस आपणच म्हणाली, "म्याडम, नर्सिंगचा कोर्स हाय एका ठिकाणी. होस्टेल देतात. आईला सोडून कुणाला म्हाईत न्हाई." मी तिला ईमेल काढून दिला. पासवर्डाच्या वेळी नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या पालीकडे बघत उभी राहिले.

ज्या दिवशी तिला प्रवेशाचं पत्र आलं, त्या दिवशी दुकान भरलेलं होतं. मोकळं होतं फक्त सहावं मशीन. ती तिथेच बसली, पत्र वाचलं, होस्टेलचा पत्ता हातावर पेनाने लिहून घेतला आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदा दात दिसतील अशी हसली. दोन-तीन दिवसांत ती गेल्याचं कानावर आलं. मी मनात म्हटलं, सुटली पोरगी.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, दारात जीप थांबली. संगीताचा नवरा दत्ता आत आला. त्याच्यासोबत गेवराईकडे कॉम्प्युटर क्लास चालवणारे एक सर होते. त्या सरांना मी तोंडओळखीने ओळखत होते.

"माझी बायको इथं यायची," दत्ता म्हणाला. "कुठं गेली ते ह्या डबड्यात हाय. दाखवा."

"इथे काही राहत नाही," मी म्हणाले. "दारावर लिहिलंय, वाचा."

"कावून राहत न्हाई? मला येडं समजता का?" त्याने टेबलावर हात आपटला. दोन मुली वह्या गोळा करून निघून गेल्या. "माझ्या बायकोचं पत्र हाय, म्हंजी माझं हाय. उद्या अख्ख्या बीडात सांगतो, ही बाई पोरी पळवायचं दुकान चालवती म्हणून. मंग बघू कोण येतंय तुमच्याकडं."

त्याने तसं केलं असतं तर एकही बाप आपल्या मुलीला माझ्या पायरीवर चढू देणार नव्हता, हे मला कळत होतं.

क्लासवाले सर मात्र शांतपणे एकेका मशीनवर बसत गेले. पहिलं कोरं. दुसरं कोरं. पाचही कोरी. त्यांनी माझ्याकडे जरा कौतुकाने पाहिलं, आणि मग खिडकीकडे पाहिलं. "ते वेगळं दिसतंय."

सहावं मशीन विसरणारं नव्हतं. तिथे ईमेलच्या पत्त्याच्या चौकटीत पहिलं अक्षर टाइप केलं की आधी कुणी कुणी काय लिहिलं होतं ते आपोआप खाली यायचं.

त्या मशीनवर करीमभाई बसले होते.

"उठा," दत्ता म्हणाला.

"माझा टाइम बाकी हाय," करीमभाई मान न वळवता म्हणाले. "गाडी घाटात हाय, मधीच कशी सोडू?"

"उठ बे!"

करीमभाईंनी मान वळवली. आधी दत्ताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी संगीताला कधी पाहिलं होतं का, मला ठाऊक नाही. पण समोरून येणाऱ्या वाहनाचा इरादा ओळखणं हा त्यांचा धंदाच होता. ते उठले, खुर्ची मागे सरकवताना त्यांचा बूट खालच्या स्विचला लागला आणि मशीन झपकन बंद झालं. "या अल्ला," ते म्हणाले. "माफ करा, म्याडम. आता लई टाइम खाईल हे."

तसंच झालं. असं अचानक बंद झालेलं मशीन परत चालू होताना आधी स्वतःची तपासणी करत बसायचं. दत्ता पडद्याला शिव्या देत उभा राहिला. तेवढ्यात मी पहिल्या मशीनवर बसले आणि संगीताला लिहिलं: 'पासवर्ड आत्ता बदल. दत्ता इथे आहे.' पत्र पाठवलं, आणि मग माझी चूक लक्षात आली. संगीता तिकडे कधी कॅफेत जाणार, कधी वाचणार? आणि तिच्याआधी ह्यांनी ते कुलूप उघडलं, तर सगळ्यात वर माझंच पत्र दिसणार. त्याखाली होस्टेलचं.

मशीन सुरू झालं. सरांनी 's' टाकला आणि संगीताचा पत्ता खाली उतरला. दत्ताला वाचता येत होतं. तो नुसता हसला.

"पासवर्ड काय ठेवला आसंल?" सरांनी विचारलं. "तुमचं दैवत?"

"खंडोबा."

मी भिंतीकडे बघायचं विसरले. सरांची बोटं चालली. चुकीचा. मोठं अक्षर घालून पाहिलं, पुढे 'जेजुरी' जोडून पाहिलं. चुकीचा.

"लग्नाच्या आधीचं दैवत आसंल," सर म्हणाले. हा माणूस हुशार होता. "माहेरचं काय?"

ते दत्ताला आठवेना. बायकोच्या माहेरचं दैवत त्याने लग्नात ऐकलं असणार, पण लक्षात ठेवायची गरज कधी पडली नसणार. त्याने जीप पालीला पिटाळली. ती परत येईपर्यंत तो माझ्या दारात उंबऱ्यावर पाय ठेवून उभा राहिला. नवीन गिऱ्हाईक आलं नाही. करीमभाई कुठेच गेले नाहीत, बाकावर बसून तंबाखू मळत राहिले. मी मनातल्या मनात पालीच्या आसपासचे देव मोजत होते. एवढ्याशा पट्ट्यात असे किती असणार?

जीपमधून संगीताची आई उतरली. पारूबाई. किडकिडीत बाई, कपाळावर मोठं कुंकू, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. जावयाने तिला हाताला धरून आत आणलं, म्हणजे जवळजवळ ओढलंच.

"मामी, तुमच्या घरचं दैवत काय?"

तिने सहाही पडद्यांकडे एकदा नजर फिरवली. "भवानी," ती म्हणाली. "तुळजापूरची."

सरांनी टाइप केलं. चुकीचा. नाव मागेपुढे करून पाहिलं. चुकीचा.

"नीट सांगा!"

"मंग रेणुका ठिवलं आसंल. माझ्या माहेराकडं रेणुका हाय."

चुकीचा.

"संगीचा भारी जीव व्हता वैजनाथावर. श्रावणात गेलतो आमी. ते टाका की." आवाज एकदम साधा, बाजारात भाजीवालीला दुसरी जुडी दाखव म्हणावं तसा. "न्हाईतर बिरुबा ठिवला आसंल. न्हाईतर मसुबा."

सर टाइप करत गेले. प्रत्येक वेळी त्यांचं बोट शेवटच्या बटणावर पडलं की मला वाटायचं, हाच निघणार. अजून एक देव, आणि संपलं. मग पडद्यावर इंग्रजीत एक लांब ओळ आली. सर मागे टेकले. "झालं. लई येळा चुकलं. आता खातं कुलूपबंद. आज काय उघडत न्हाई."

"उद्या?"

"उद्या बघू."

दत्ताने सासूकडे पाहिलं. तो हात उचलतो की काय असं मला वाटलं. करीमभाई बाकावरून उठले आणि दोघांच्या मधून चालत जाऊन दाराबाहेर थुंकून आले, आणि परत येऊन तिथेच मधे उभे राहिले. दत्ता "बघतोच" म्हणाला आणि निघून गेला. सासूला त्याने तिथेच टाकलं. जीपने आली होती, परत रिक्षाने जा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दोघे परत आले. पण तोवर मी सहावं मशीन पुसून तिथेही लिनक्स घातलं होतं. सर म्हणाले, पत्ता पाठ आहे, कुठल्याही मशीनवर चालेल. मी म्हटलं, माझ्या सोडून कुठल्याही. जाताना दत्ताने दुकानाच्या पाटीवर दगड घातला. काही महिने मुली येणं कमी झालं, ते दुखलं मला, अजून दुखतं. पण संगीताचं कुलूप त्याला कुठेच उघडलं नाही. करीमभाईंना गाड्यांच्या जागी पेंग्विन मिळाला. पहिल्या दिवशी ते त्याच्याकडे बघतच बसले. "म्याडम, ह्याला ष्टेरिंग कुठाय?" तरी खेळले. वळणावर कलायचे तसेच.

पण मला सांगायचंय ते आदल्या दुपारचं, जीप गेल्यानंतरचं.

पारूबाई तिथेच उभी होती. मी तिला पाणी दिलं. तिने ते सगळं संपवलं, तांब्या ठेवला आणि हळूच विचारलं, "कुलूप लागलं म्हंजी मलाबी न्हाई दिसायचं का?"

"तुम्हाला काय बघायचंय?"

"पोचली का न्हाई ते. कुलपाचं नाव मला ठावं हाय."

"मग इतके देव सांगितलेत ते?"

"देवच इचारत व्हता ना त्यो," ती म्हणाली. "मी देवच सांगितले. संगीनं देवाचं न्हाई ठिवलं. मला म्हन्ली, आई, तुजंच नाव ठिवते, म्हंजी तू इसरायची न्हाईस."

"पारूबाई?"

"पारू सासरचं. लग्नात तांदळात लिहून ठिवलेलं. माहेरी मी गजरा." हे बोलून तिने इकडेतिकडे कुणी ऐकलं का ते पाहिलं. "ते कुणाला ठावं न्हाई हितं. मालकालाबी आता याद नसंल. आय गेली तवापसनं कुणी हाक मारली न्हाई त्या नावानं."

सरांचा अंदाज चुकला; खात्याचं कुलूप संध्याकाळीच सुटलं. तोवर ती बाकावरून हलली नाही. मी 'gajra' टाइप केलं. या वेळी भिंतीकडे बघून चालणार नव्हतं. दार उघडलं. आत माझं न वाचलेलं पत्र होतं, आणि त्याखाली संगीताने स्वतःच्याच पत्त्यावर टाकून ठेवलेल्या दोन ओळी. मी मोठ्याने वाचल्या: 'आई, पोचले. खिडकीची खाट मिळाली.'

पारूबाईने पदराने तोंड पुसलं. मग पडद्याच्या अगदी जवळ वाकली. "माझं नाव कुठं हाय ह्याच्यात?"

"ते दिसत नाही. नुसते ठिपके दिसतात. कुणी बघू नये म्हणून."

"बघूच न्हाई येत?"

टायपिंग शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हजारो अर्ज, हजारो नावं टाइप केली असतील. मी कोरं पान उघडलं, मराठी अक्षरं सगळ्यात मोठी केली, इतकी की तीनच अक्षरं पडदाभर मावली, आणि टाइप केलं: गजरा.

तिला वाचता येत नव्हतं. तिने काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर गिरवलं, काना वरपासून खालपर्यंत. "हे मी?"

"हे तुम्ही."

बराच वेळ ती बघत होती. मी घाई केली नाही. बाहेर करीमभाईंनी रिक्षा थांबवून ठेवली होती आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. शेवटी तिने पदर सावरला आणि माझ्याकडे वळली.

"आता पुसा," गजरा म्हणाली.

मी 'झालं' दाबलं.